बिशपची शीळ आणि नवी कवळी

जॉर्जटाउनमध्ये लग्न चर्चमध्ये लागतं असं कागदोपत्री म्हणतात. खरं लागतं ते बागेत. पाद्रीबाबा बोलायचं ते बोलून घेतात, नवरानवरी 'हो' म्हणतात, म्हाताऱ्या बायका डोळे पुसतात, आणि मग सगळी वरात रिबिनी लावलेल्या गाड्यांतून हॉर्न बडवत बागेच्या फाटकातून आत शिरते. तिथे एक लहानसा लोखंडी पूल आहे. पुलावर उभं राहून नवऱ्यानं नवरीचा मुका घ्यायचा आणि फोटो काढायचा. मग पलीकडच्या तळ्याकाठी यायचं, पाण्याकडे पाठ करून उभं राहायचं, आणि मागून पाण्यातून पाणगायीनं नाक वर काढलं की दुसरा फोटो. हे दोन फोटो घरात लागले म्हणजे लग्न झालं. ज्यांच्या फोटोत पाणगाय आली नाही त्यांच्यात पुढे भांडणं झाली की शेजारीपाजारी एकमेकांकडे बघतात आणि मान हलवतात.

पाणगाय म्हणजे मॅनाटी. ती दिसायला फार काही नाही. वाळूचं भिजलेलं पोतं असावं, त्याला कुणीतरी रागीट म्हाताऱ्याच्या मिशा चिकटवाव्यात, तसं ते ध्यान. दिवसभर गढूळ पाण्यात खाली पडून असते. श्वास घ्यायला नाकपुड्या वर काढते, फुस्स करते, पुन्हा खाली. पण लांबलांबचे पाहुणे शहरात आले की राष्ट्रपतींचं घर राहू दे, आधी पाणगाय दाखवा म्हणतात.

ही पाणगाय वर बोलावायचं काम बिशपकडे होतं.

बिशपचं खरं नाव आयव्हलॉ सेंपल. पण तिथे आईबापांनी ठेवलेलं नाव बारशाला वापरतात आणि नंतर थेट मयताला. मधल्या काळात गल्लीनं ठेवलेलं नाव चालतं. हा लहानपणी एकदा चर्चच्या मागच्या दारानं आत शिरला, प्रसादाच्या चकत्यांचा डबा उचलला, आणि मागच्या गवतात चरणाऱ्या शेळ्यांना ओळीनं उभं करून गंभीर चेहऱ्यानं प्रत्येकीच्या तोंडात एक एक चकती ठेवली. शेळ्यांनी शांतपणे घेतलीही. तेव्हापासून तो बिशप. आईनं बदडला, पण नाव काही गेलं नाही. त्याची बायको इस्मे चर्चच्या गायनवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची, आणि ओळख करून देताना तिला दर वेळी घाम फुटायचा: "हे माझे मिस्टर... हो, बिशप. नाही, तसले नाहीत."

बिशप बागेत गवत कापायच्या कामावर होता. हातात लांब कोयता, डोक्यावर चिंधी, आणि तोंडात शीळ. ही शीळ साधी नव्हती. तरुणपणी समुद्र अडवणाऱ्या भिंतीजवळ क्रिकेट खेळताना एक उसळता चेंडू त्याच्या तोंडावर बसला आणि वरचे पुढचे दोन दात गेले. बाकीच्यांनी चुकचुक केली. बिशपनं त्या फटीतून हवा सोडून बघितली आणि जो आवाज निघाला त्यानं लांबचा पंच वळून बघायला लागला. पुढे गवत कापता कापता तो तळ्याकाठी शीळ घालायचा आणि पाणगायी वर यायच्या. हळूहळू लोक जमायला लागले. नोकरी संपली तरी बिशप रोज बागेत येतच राहिला. आता कोयत्याशिवाय, इस्त्रीच्या शर्टात, तळ्याकाठच्या बाकावर. रविवारी तर त्याच्याशिवाय कुणाचं लग्न पुरं व्हायचं नाही.

त्याचा एकच नियम होता. गवत दाखवायचं नाही.

बाकी सगळं शहर पाणगायींना गवत घालूनच बोलावतं. काठावर ओणवं व्हायचं, मूठभर गवत उपटायचं, पाण्यावर धरायचं. पोरंसोरं तेच करतात, मंत्र्यांची बायको आली तरी तेच करते. बिशपला ते पटायचं नाही.

"खायला दाखवलं की कुणीही येतं," तो म्हणायचा. "माझा मेहुणासुद्धा येतो. नुसत्या हाकेला आली पाहिजे."

बाकाशेजारी दुलारीची बर्फाच्या गोळ्यांची गाडी असायची. बर्फ किसायचा, लाल पाक ओतायचा, वरून घट्ट दुधाची धार. दुलारीची जीभ मात्र तिच्या किसणीपेक्षा धारदार. ती बिशपला सोडायची नाही.

"अरे बिशप, इतकी वर्षं कापलेलं गवत तूच ना त्या तळ्यात ढकलायचास? गाडीत भरून न्यायचा कंटाळा म्हणून? त्या बिचाऱ्या शीळ ऐकून येतात की जेवणाची घंटा म्हणून येतात?"

"दुलारी, तू बर्फ किस."

"मी किसतेच आहे. तू फुंकत बस."

यावर बिशप पुन्हा शीळ घालायचा. रात्री अंथरुणावर पडल्यावर कधीकधी तिचं बोलणं आठवायचं, मग तो कूस बदलायचा.

त्याला मुलगी एकच, ऑस्लिन. लहान असताना ती रविवारी त्याच्याबरोबर बागेत यायची आणि नवऱ्या मोजत बसायची. एकदा एका नवरीची पाणगाय काही केल्या वर येईना, नवरी रडायला लागली, आणि ऑस्लिनही तिच्याबरोबर रडायला लागली. बिशपनं तिला मांडीवर घेतलं आणि म्हणाला, "तू कशाला रडतेस? तुझ्या लग्नाला मी शीळ घातली ना, की ती सगळ्यांत म्हातारी आहे ना, ती स्वतः वर येईल. फोटोत तुझ्या खांद्यावरून बघेल. शब्द दिला."

बाप लोक असे शब्द देतात आणि विसरतात. ऑस्लिन विसरली नाही. ती शिकली, नर्स झाली, टोरांटोला गेली, तिथे डेल प्रेस्कॉड नावाचा, मूळ बार्बाडोसचा, एक शांत मुलगा तिला भेटला. लग्न टोरांटोत करायचं असं त्याच्या घरच्यांनी ठरवलंही होतं. ऑस्लिननं साफ सांगितलं, लग्न जॉर्जटाउनला होईल, कारण माझा बाप शीळ घालतो आणि पाणगाय येते. डेलच्या सगळ्या खानदानाची विमानाची तिकिटं त्या एका शिळेच्या भरवशावर निघाली.

फोन आला तेव्हा बिशप पायरीवर बसून मटार सोलत होता.

"डॅडी, सगळं ठरलं! आणि एक सांगू? रागावू नकोस हं."

"बोल."

"तुझ्या त्या दातांचं काहीतरी कर ना. मी पैसे पाठवते. चांगल्या डॉक्टरकडे जा. फोटो इथे सगळे बघणार. डेलची आई... ती लोकं जरा तशी आहेत. बापाच्या तोंडात खिडकी दिसायला नको."

बिशपनं हातातली शेंग सोलून संपवली. मग म्हणाला, "बरं."

त्याला वाईट वाटलं का, हे त्यानं इस्मेलासुद्धा सांगितलं नाही. मटार सोलून झाल्यावर तो आरशासमोर गेला आणि वरचा ओठ उचलून बराच वेळ बघत बसला, एवढं इस्मेनं पाहिलं.

दातांच्या डॉक्टरनं त्याचं तोंड उघडलं, आत दिवा मारला आणि आनंदानं शीळ घातली. "काका, फटीच्या दोन्ही बाजूचे दात हलतायत. पलीकडचेही कामाचे नाहीत. नुसती फट भरून काही होणार नाही. वरचे सगळे काढू आणि कवळी देऊ. नवऱ्यामुलापेक्षा देखणे दिसाल."

बिशपला हे नीट कळायच्या आत त्याचा जबडा बधिर झाला होता. खिडकी बुजवायला गेला आणि भिंतच पाडून आला. हिरड्या भरल्यावर कवळी मिळाली. पांढरीशुभ्र, एकसारखी, दिवाणखान्यात मांडून ठेवावी अशी. इस्मेनं ती त्याच्या तोंडात बघितली आणि हात जोडले. "अरे देवा, आयव्हलॉ, तू तर निवडणुकीला उभा राहिल्यासारखा दिसतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी बिशप तळ्यावर गेला, ओठ आवळले, हवा सोडली. फस्स.

पुन्हा. फस्स. आणि कवळी पुढे सरकून ओठांच्या बाहेर डोकावली.

त्यानं कवळी काढली, खिशात टाकली आणि बोळक्या तोंडानं प्रयत्न केला. त्यातून जे निघालं ते शीळ म्हणण्यासारखं नव्हतं. नळाला पाणी यायच्या आधी जो आवाज येतो तसलं काहीतरी होतं. पाणगायींनी दखल घेतली नाही. दुलारीनं घेतली.

"बिशप, काय झालं रे? शीळ कुठे गेली?"

"घसा धरलाय."

"घसा की तोंड?" दुलारीनं डोळे बारीक केले आणि मग तिचा किसणीवरचा हात थांबला. "अरे माझ्या देवा! तू दात बसवलेस?"

लग्नाला आता थोडेच आठवडे राहिले होते. रविवारच्या वरातींना बिशप 'घसा धरलाय' सांगून टाळायचा आणि एरवी हातपाय हलवायला लागला. शाळेच्या खेळांत पंच वापरतात तसली लोखंडी शिट्टी आणली. ती वाजवल्यावर पाणगायी खोल गेल्या, शेजारच्या मैदानात चाललेला क्रिकेटचा सामना थांबला आणि पहारेकरी धावत आला. मग त्यानं बाटलीच्या तोंडावर फुंकून बघितलं. मग दोन बोटं, चार बोटं, पान ओठांत धरून. इस्मे रोज बघायची.

"सांग ना तिला," ती म्हणायची. "फोन कर आणि सांग."

"काय सांगू? तुझ्या पैशानं माझी शीळ उपटली?"

"तसं नको सांगू. नीट सांग."

"तिनं दात मागितले, दात दिले. पाणगाय मागितली, ती पण देईन."

शेवटी त्याला शिंप्याचा पोपट आठवला. मागच्या गल्लीतल्या शिंप्याच्या पोपटानं वर्षानुवर्षं बिशपची शीळ ऐकून ती हुबेहूब उचलली होती. इतकी की सकाळी पोपटानं शीळ घातली की इस्मे चहा ठेवायची आणि मग बघायची तर बिशप अजून घोरतोय. शिंपी आढेवेढे घेत तयार झाला. बिशप पिंजरा घेऊन तळ्यावर आला, बाकावर ठेवला, वरचं फडकं काढलं.

पोपटानं पाणी पाहिलं. बिशपकडे पाहिलं. मान वाकडी केली.

"घाल," बिशप म्हणाला. "घाल ना राजा. घरी घालतोस तशी."

पोपट गप्प. बिशपनं त्याला पिकलेलं केळं दिलं. पोपटानं खाल्लं, चोच गजाला पुसली आणि गप्प बसला. तेवढ्यात रविवारच्या बायबल-वर्गाची पोरं पांढऱ्या कपड्यांत दोन ओळींनी पुलावरून आली, पुढे त्यांच्या बाई. पोपटानं त्यांना पाहिलं, पिसं फुगवली, आणि शिंपी उधारी बुडवणाऱ्या गिऱ्हाइकांना जे काही ऐकवायचा ते एका दमात, स्पष्ट उच्चारांत ऐकवलं. आईपासून सुरुवात करून पार खाली. पोरं आनंदानं उड्या मारायला लागली. बाईंनी दोन पोरांचे कान धरले. उरलेल्यांना पुरतील एवढे हात त्यांना नव्हते.

"फार छान," दुलारी म्हणाली. "पाणगाय नाही आली, पण निदान सैतान तरी आला."

त्या दिवसानंतर बिशपनं प्रयत्न सोडले. जे व्हायचं ते होईल असं त्यानं ठरवलं, म्हणजे त्याला झोप लागेनाशी झाली.

ऑस्लिन आली ती विमानतळावरच बापाच्या गळ्यात पडली. मग दोन पावलं मागे सरकून म्हणाली, "दाखव!" त्यानं दाखवले. तिनं टाळ्या वाजवल्या. डेलनं हात मिळवला. डेलची आई, मिसेस प्रेस्कॉड, छत्रीएवढी टोपी घालून मागून आली आणि म्हणाली, "तर तुम्हीच ते शीळवाले. आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे हो. त्या प्राण्याला वास येतो का?"

"थोडा," बिशप म्हणाला.

लग्न व्यवस्थित झालं. पाद्रीबाबा जरा लांबले, मिसेस प्रेस्कॉडच्या टोपीमागे बसलेल्यांना फक्त टोपीचं लग्न दिसलं, इस्मेनं गाताना वरचा सूर असा काही लावला की पंखे हलले. मग गाड्या हॉर्न बडवत बागेकडे निघाल्या.

बागेत रांग होती. ऑस्लिनच्या पुढे तीन नवऱ्या, मागे आणखी दोन. ऊन असं की करवल्यांच्या तोंडावरची पावडर गळ्यापर्यंत आली होती. आज बिशप वधूपिता, म्हणून तळ्याची सूत्रं दुलारीकडे. तिनं गोळ्याची गाडी काठावर आणली होती, एका हातानं बर्फ किसत होती आणि दुसऱ्या हातानं नवऱ्यांना गवताच्या जुड्या देत होती. "धर गं, पाण्यावर धर. घाबरू नकोस, दात नाहीत तिला पुढे. घे, आली!"

आणि पाणगायी येत होत्या. पहिल्या नवरीला आली. दुसरीला दोन आल्या. तिसरीच्या नवऱ्यानं गवत हातातून सोडलंच नाही तर ती त्याच्या बाहीचं टोक चघळून गेली. बिशप भाड्याच्या काळ्या कोटात उभा राहून हे बघत होता. त्याच्या तळ्यात, त्याच्या रविवारी, कुणीही ऐऱ्यागैऱ्यानं गवताची काडी दाखवावी आणि तिनं यावं. त्याला कुणीतरी भर रस्त्यात कपडे उतरवल्यासारखं वाटलं.

"पुढे!" फोटोग्राफर ओरडला. "सेंपल-प्रेस्कॉड!"

पुलावरचा मुका झाला. काठावर ऑस्लिन आणि डेल उभे राहिले, दोन्ही बाजूंना आया. ऑस्लिननं पदराएवढा लांब झगा मागे सारला आणि चेहरा उजळून हाक मारली, "डॅडी! शीळ!"

रांगेतले सगळे बघायला पुढे सरकले. शहरात बिशपची शीळ ऐकली नाही असा कोण होता? तो पुढे आला. मिसेस प्रेस्कॉडनं टोपी जरा वर केली. बिशपनं दोन बोटं तोंडात घातली, छाती भरली, गाल फुगवले, आणि हवा सोडली.

फस्स.

"पुन्हा," ऑस्लिन म्हणाली.

फस्स. कवळी बोटांवर आली. त्यानं घाईघाईनं ती आत ढकलली.

मागच्या नवरीचा मामा ओरडला, "काका, जरा उरका हो! आमची नवरी वितळायला लागलीय!"

"डॅडी?"

बिशप तिच्या जवळ गेला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "नाही निघत गं. दात घेतले ना. शीळ त्या फटीतच होती."

ऑस्लिन त्याच्याकडे बघत राहिली. "कधीपासून?"

"घेतले तेव्हापासून."

"आणि तू सांगितलं नाहीस? मी इथपर्यंत... डॅडी, त्या सगळ्यांना मी काय काय सांगून ठेवलंय! फोनवर बोलला असतास तर मी म्हटलं असतं, नको दात!"

"तू म्हणालीस खिडकी दिसायला नको."

तो रागानं म्हणाला नाही. जे झालं होतं ते सांगितलं, एवढंच.  ऑस्लिननं सासूकडे पाहिलं, मग खाली आपल्या बुटांकडे.

दुलारी गाडीमागून आली. तिच्या हातात गवताची जुडी होती. आज तिनं टोमणा मारला नाही, आणि त्यामुळेच बिशपला जास्त लागलं. "घे," ती हळूच म्हणाली. "कुणी काही म्हणणार नाही."

बिशपनं जुडीकडे पाहिलं. चाळीसएक वर्षं त्यानं जे स्वतः कधी केलं नव्हतं ते ती त्याच्या हातात ठेवत होती, सगळ्या शहरासमोर. मागे दोन वराती, पुढे व्याह्यांचं खानदान. त्यानं मान हलवली. दुलारीची जुडी त्यानं घेतली नाही.

तो काठावर गेला, भाड्याच्या पँटीचे गुडघे सरळ चिखलात टेकले, आणि स्वतःच्या हातानं गवत उपटायला लागला. काठाजवळचं कोवळं, लांब पात्यांचं, जे त्यांना सगळ्यांत आवडतं. ते कुठे असतं हे त्याला बरोबर ठाऊक होतं. मागून कुणीतरी म्हणालं, "अरे, बिशप गवत उपटतोय!" आणि ती बातमी रांगेत शेवटपर्यंत गेलेली त्यानं पाठीनं ऐकली.

मूठ भरली. त्यानं हात पाण्यावर धरला.

काही नाही. तिन्ही नवऱ्यांचं खाऊन पोटं भरली होती त्यांची. डास चावत होते. फोटोग्राफरनं घड्याळाकडे बघितलं. पाद्रीबाबांनी घसा खाकरला. बिशपनं हात आणखी पुढे केला, इतका की कोटाची बाही पाण्यात भिजली.

"ये गं म्हातारे," तो पुटपुटला. "आज ये. मग हवं तर थेट मी मेल्यावर ये."

हाताजवळचं पाणी जरा फुगलं. मग एक भलंमोठं राखाडी तोंड वर आलं, मिशांतून पाणी गळत होतं, नाकपुड्या उघडल्या आणि फुस्स आवाज झाला. म्हातारीच होती. पाठीवर जुना वण असलेली. तिनं वरचा ओठ दोन बाजूंना फाकवला आणि बिशपच्या मुठीतून गवत काढून घ्यायला लागली, सावकाश, एकेक पातं, जेवण झाल्यावर आग्रहाखातर खावं तसं.

"आली!" ऑस्लिन ओरडली. "आली, आली! डेल, उभा राहा! मम्मी, टोपी काढा, टोपी!"

"काका, इकडे बघा!" फोटोग्राफर ओरडला. "कॅमेऱ्याकडे! हसा! दात दाखवा!"

बिशपनं मान वळवायला सुरुवात केली तसं म्हातारीचं तोंडही मागे सरकायला लागलं. त्याचा हात हलला की ती जाणार, हे स्पष्ट होतं. तो पुन्हा पाण्याकडे वळला आणि हात स्थिर धरला.

"काका, नुसती पाठ येतेय! आणि... खालचा भाग!"

"तसाच काढ," ऑस्लिन म्हणाली.

"अहो पण ताई, वधूपित्याचं तोंडच..."

"तसाच काढ म्हटलं ना! काढ लवकर!"

फोटोग्राफरनं काढले. म्हातारीनं शेवटचं पातं संपवलं, बिशपच्या तळव्यावर एकदा मिशा घासल्या, आणि गेली. बिशपला उठता येईना. दुलारी आणि डेल यांनी दोन्ही बगलांना धरून त्याला उभा केला. त्याच्या गुडघ्यांवर हिरवे डाग होते आणि हाताला बागेतल्या तळ्याचा वास येत होता. मिसेस प्रेस्कॉडनं तो हात हुंगला, नाक मुरडलं, आणि मग तोच हात धरून जोरात हलवला. "थोडा म्हणाला होतात!" ती म्हणाली. "हा थोडा?"

ऑस्लिननं आपल्या झग्याच्या टोकानं त्याचा हात पुसला. पांढऱ्या झग्यावर हिरवा पट्टा उमटला. इस्मे किंचाळली. ऑस्लिननं लक्ष दिलं नाही. ती म्हणाली, "डॅडी, रात्री जेवताना काढून ठेव ती कवळी. टोचते ना? दिसतंय मला मघापासून."

"फार टोचते," बिशप म्हणाला.

रात्री त्यानं कवळी कोटाच्या खिशात ठेवली, बोळक्या तोंडानं रममध्ये मुरवलेल्या ब्लॅक केकचे तीन तुकडे खाल्ले आणि मिसेस प्रेस्कॉडबरोबर नाचला. कोट भाड्याचा होता, तो दुसऱ्या दिवशी परत गेला. कवळी त्याच्याबरोबर गेली. दुकानदारानं ती घेऊन जा असा निरोप पाठवला, बिशप दोन दिवस तिकडे फिरकला नाही.

लग्नाचे फोटो आले. त्यातला एकच इस्मेनं दिवाणखान्यात लावला, कारण बाकी सगळ्यांत काही ना काही चुकलं होतं. मध्ये ऑस्लिन आणि डेल. उजवीकडे हातात टोपी घेतलेल्या, केस विस्कटलेल्या मिसेस प्रेस्कॉड. डावीकडे इस्मे, डोळे मिटलेली. खांद्यामागे पाणगाय, नाकपुड्या उघड्या, अगदी स्पष्ट. आणि त्या दोघांच्या मधोमध खाली, सगळ्यांत ठळक, वधूपित्याचा काळ्या पँटीतला मागचा भाग. कवळीसाठी खर्च झाला, विमानं आली, आणि दात म्हणाल तर एकाही फोटोत नाहीत.

टोरांटोहून ऑस्लिननं कळवलं की सासूबाईंनी हाच फोटो मोठा करून बाहेरच्या खोलीत लावलाय, आणि आलेल्या प्रत्येकाला थांबवून विचारतात, यात माझे व्याही कोणते ते ओळखा.

इस्मेच्या घरी चर्चमधल्या बायका आल्या. त्यांनीही विचारलं, "आणि बिशप कुठेत?" इस्मेनं गायनवृंदातली सगळी लाज बाजूला सारून फोटोवर बोट ठेवलं.

"हे," ती म्हणाली. "हे माझे मिस्टर."

त्यानंतरच्या एका रविवारी बिशप बाकावर होता. एक नवरा पांढऱ्याशुभ्र सुटात घाईघाईनं त्याच्याकडे आला. मागे नवरी, तिच्या मागे रांग.

"काका, ते शीळ घालणारे तुम्हीच ना?"

"होतो." बिशपनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पँट कुणाची? तुझी की भाड्याची?"

"भाड्याची."

"मग बिनधास्त टेक गुडघे. त्या दगडाच्या डावीकडचं गवत घे, उजवीकडचं नको, ते राठ असतं. आणि ती खात असताना कुणी कितीही हाका मारल्या तरी मागे वळून बघू नकोस."

नवऱ्यानं नवरीकडे पाहिलं. नवरी म्हणाली, "टेक ना रे. बघत काय बसलायस?"

दुलारीनं बर्फ किसता किसता मान वर केली, काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आणि मग तिनं बिशपसाठी एक गोळा भरायला घेतला, दूध जरा जास्त घालून, चावायला लागू नये असा.